'व्हील ऑफ टाइम'चा तिसरा सीझन : पहिल्यावर चिडून उठलेल्या दादाला चौथ्या भागापर्यंत कसं आणू?

पानखूण :

नमस्कार मंडळी. प्रश्न एका ओळीचा आहे, पण तो मी का विचारते आहे हे सांगायला बरंच मागे जावं लागेल. ज्यांना ही पुस्तकं वाचायची आहेत त्यांनी कृपया इथूनच परत फिरा. पुढे चौथ्या खंडातली आणि तिसऱ्या सीझनमधली मोठी गुपितं येणार आहेत.

रॉबर्ट जॉर्डनची ही कादंबरीमालिका मी आणि दादाने मिळून वाचली. मिळून म्हणजे एकाच प्रतीतून. तो पुढे, मी मागे. त्याचा खंड वाचून झाला की माझ्या हातात यायचा, आणि मी तो संपवेपर्यंत दादाने तोंडातून अवाक्षर काढायचं नाही असा आमचा करार होता. त्याने तो शेवटपर्यंत पाळला. मी मधल्या एखाद्या प्रकरणात अडकलेली दिसले की तो खोलीतून उठून जायचा, म्हणजे चेहऱ्यावरूनसुद्धा मला काही कळू नये. २००७ साली जॉर्डन गेले तेव्हा गोष्ट अपुरी होती. ही गोष्ट आता अशीच राहणार असं आम्ही दोघांनी मनोमन धरून टाकलं होतं. मग त्यांच्या टिपणांवरून ब्रँडन सँडरसनने शेवटचे तीन खंड लिहिले आणि २०१३ साली चौदावा आला. दादाने तो संपवला आणि काही न बोलता माझ्या उशाशी आणून ठेवला. त्या रात्री तो जेवायलाही बसला नव्हता.

हे एवढं अशासाठी सांगते की नोव्हेंबर २०२१ मध्ये ॲमेझॉनवर पहिला सीझन आला तेव्हा आम्ही दोघं ज्या अपेक्षेने पडद्यासमोर बसलो ती तुम्हाला कळावी.

पहिला भाग अर्ध्यावरच होता. गावावर हल्ला होतो, पेरिन कुऱ्हाड घेऊन लढतो आणि त्या धुमश्चक्रीत त्याच्याच हातून त्याची बायको मरते. पुस्तकातल्या पेरिनचं लग्नच झालेलं नाही! गाव सोडतो तेव्हा तो लोहाराकडे उमेदवारी करणारा, बोलण्याआधी दहादा विचार करणारा पोरगा आहे. आपल्या अंगातल्या ताकदीने कुणाला इजा होऊ नये म्हणून तो हळू वागतो. पुस्तकात त्या स्वभावाला जी शेकडो पानं लागली, ती इथे एका मृत्यूत आटोपली होती. दादाने रिमोट टेबलावर ठेवला आणि आत निघून गेला. त्यानंतर त्याने ही मालिका पाहिलेली नाही.

मी मात्र आठही भाग पाहिले, आणि चिडण्यासाठीच पाहिले. हाताशी एक वही असायची, पुस्तकापासून हललेली प्रत्येक गोष्ट मी तिच्यात टिपायची. पहिल्या भागाच्याच एकतीस नोंदी आहेत. ड्रॅगन, म्हणजे ज्याच्यावर जगाचं भवितव्य अवलंबून आहे तो पुन्हा जन्मलेला माणूस, कोण हे सातव्या भागापर्यंत लपवून का ठेवलं? पुस्तक तर पहिल्या प्रकरणापासून नायकाच्या, रँडच्या डोक्यात बसलेलं आहे, त्याची भीती हीच गोष्ट आहे. त्याचा मित्र मॅट अचानक कुठे गेला? शेवटच्या भागात त्यांच्याच गावची नायनीव जळून पडलेली दिसते आणि एग्वेन तिला परत उभी करते, ते कोणत्या नियमाने? ती वही दाखवून मी ओळखीतल्या प्रत्येकाला सांगितलं की पुस्तकं वाचा आणि मालिकेच्या वाटेला जाऊ नका. खूप जणांना सांगितलं. त्यातल्या बऱ्याच जणांनी पुढे पुस्तकंही वाचली नाहीत आणि मालिकाही पाहिली नाही.

दुसरा सीझन सप्टेंबर २०२३ मध्ये आला. तो मी वही उघडी ठेवूनच पाहायला बसले. सहाव्या भागात एग्वेन शॉनचानांच्या, म्हणजे समुद्रापलीकडून चाल करून आलेल्या लोकांच्या कैदेत आहे. तिच्या गळ्यात जे पट्ट्यासारखं कडं घातलंय, त्यातली मेख अशी की शस्त्र म्हणून ज्या वस्तूचा विचार मनात येईल तिला हात लावता येत नाही. समोर पाण्याचा तांब्यासारखा चंबू आहे आणि एग्वेनचा घसा कोरडा पडलाय. पण तो चंबू आपल्याला ताब्यात ठेवणाऱ्या बाईच्या डोक्यात घालावा असं एकदा मनात येऊन गेलं, आणि आता तो उचलता येत नाही. पाणी प्यायचं तर आधी तो विचार मनातून जायला हवा, आणि तो विचार गेला तर एग्वेनमधलं एग्वेनपण गेलं. पुस्तकातही हा चंबू आहे. पडद्यावर मॅडलिन मॅडनची बोटं त्याच्याजवळ जातात आणि आखडतात, पुन्हा जातात, पुन्हा आखडतात. त्या भागाच्या पानावर माझ्या वहीत एकही नोंद नाही. हे माझ्या लक्षात दुसऱ्या दिवशी आलं.

आणि मग तिसरा. १३ मार्च २०२५ ला पहिले तीन भाग एकदम आले, ते बरे वाटले, खरं तर चांगलेच वाटले. पुढच्या आठवड्यात चौथा आला.

चौथ्या खंडातली पंचविसावी आणि सव्विसावी ही दोन प्रकरणं ज्यांनी वाचली आहेत त्यांना जास्त सांगायला नको. रँड रुइडियन नावाच्या वाळवंटातल्या नगरात जातो, काचेच्या खांबांमधून चालू लागतो, आणि प्रत्येक पावलाला आपल्या एकेका पूर्वजाच्या अंगात शिरतो, उलट्या क्रमाने, मागे मागे. आयील हे त्या जगातले सगळ्यात कडवे लढवय्ये. आपण कायमचे लढवय्येच होतो अशी त्यांची समजूत. आणि त्या खांबांमध्ये कळतं की त्यांच्या पूर्वजांनी कधीही शस्त्र न धरण्याची शपथ घेतली होती. ज्या भटक्या टिंकरांना ते तुच्छ मानतात, त्यांनीच त्या शपथेचा धागा धरून ठेवलाय. पुस्तकात रँडच्या बरोबरीने आत गेलेला दुसरा माणूस हे सत्य सोसू शकत नाही.

पहिल्या वाचनात आमचा दोघांचाही गोंधळ उडाला होता, कारण काळ उलटा चालतो आणि माणसं बदलत जातात. तेव्हा दादाने त्या खंडाच्या मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलने वंशावळ काढली. खाली मँडाइन, मग ऱ्होड्रिक, जिओर्डम, लेविन, अदान, जोनाय, कूमिन आणि सगळ्यात वर चार्न. प्रत्येक नावाशेजारी एक-दोन शब्द. लेविनच्या शेजारी त्याने फक्त 'आई' असं लिहिलंय.

कारण लेविनच्या पळवलेल्या बहिणीला सोडवायला ही पोरं जातात, आणि सोडवताना त्यांच्या हातून माणसं मरतात. परत येतात तेव्हा आजोबा म्हणतात, तुम्ही आता आमच्यातले नाही. आणि आई म्हणते, अनोळखी माणसा, चेहरा झाक, माझ्या मुलाचा चेहरा असाच होता, तो मला खुन्याच्या अंगावर बघवत नाही. लेविन धुळीसाठी बांधायचं कापड तोंडावर ओढतो. आयील लोक मारण्याआधी चेहरा का झाकतात हे तीन खंड आपण नुसतं बघत आलेलो असतो, ते इथे उलगडतं.

पडद्यावर आलेले हे पूर्वज एकाच नटाने केले आहेत, रँड करणाऱ्या जोशा स्त्राडोव्स्कीने. दाढी वेगळी, केस वेगळे, चालणं वेगळं, डोळे तेच. आईसमोर तो उभा राहतो तेव्हा आधी त्याला खरंच कळत नाही की ती काय म्हणते आहे. तो घरी आलाय, बहिणीला घेऊन आलाय. मग ते हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर उतरतं. मी तिथे थांबवलं आणि पुढचं तब्बल वीस मिनिटांनी पाहिलं. शेवटी चार्नचा काळ येतो, ते सुखी, उजळ युग, आणि आकाशातला तो पांढरा गोल फुटतो. तो इतकी वर्षं माझ्या डोक्यात जसा फुटत होता तसाच फुटला.

त्याच भागात मोइरेन, ड्रॅगनला शोधत त्यांच्या गावी आलेली जादूगार बाई, त्याच नगरातल्या मोठाल्या गोल कड्यांमधून जाते आणि आपली हजारो भविष्यं बघते. पुस्तकात ती बाहेर आल्यावर कशी खचलेली असते तेवढंच दिसतं, आत तिने काय पाहिलं ते जॉर्डनने दाखवलं नव्हतं. इथे रोझमंड पाईक ते सोसताना दिसते. ज्या ज्या भविष्यात रँड वाचतो, त्यात ती मरते. पुस्तकात नसलेली ही गोष्ट बघताना पहिल्यांदाच वाटलं की या लोकांनी खंड उघडे ठेवून, त्यांच्यावर जीव लावून काम केलंय.

२३ मे २०२५ ला बातमी आली की चौथा सीझन होणार नाही. खर्चाच्या मानाने प्रेक्षक कमी पडले, असं त्यात होतं. चौदा खंडांच्या गोष्टीचे चोवीस भाग झाले आणि थांबले. त्या दिवसापासून ती एकतीस नोंदींची वही मला कपाटात बघवत नाही.

तर प्रश्न. दादाने हा चौथा भाग पाहावा असं मला मनापासून वाटतं. इतकं की मला झोप लागत नाही. पण पहिल्या सीझनचं नाव काढलं की तो विषय बदलतो. त्याला सुरुवातीपासून सगळं दाखवू, की थेट चौथा भाग? की मालिका बंद झाली आहे, तेव्हा त्याला पुस्तकांपाशीच राहू द्यावं? ज्यांच्या घरात असं झालंय त्यांनी सांगा.

---

निळी_शाई :

पानखूण, चौथ्या भागाबद्दल तुम्ही लिहिलंत त्यातल्या शब्दन् शब्दाशी सहमत. पण मी तुमच्या दादांच्या बाजूने बोलणार आहे.

तोच तिसरा सीझन, शेवटचा भाग. स्वानचा, म्हणजे जादूगार बायकांच्या प्रमुखाचा शिरच्छेद. पुस्तकात तिला पदावरून खेचतात, तिची शक्ती कायमची तोडतात, आणि ती जिवंत राहते. माझ्यासाठी या अख्ख्या मालिकेतलं सगळ्यात मोठं धैर्य ते आहे. सगळं गेलेली बाई दुसऱ्या दिवशी उठते, तोंड धुते आणि आता आपल्या हातात काय उरलंय ते मोजायला बसते. मी आयुष्यात एका फार वाईट वर्षात स्वानची ती प्रकरणं पुन्हा पुन्हा वाचली आहेत. सोफी ओकोनेडोने शेवटचं भाषण जीव ओतून केलंय, ते बघताना माझ्या अंगावर काटा आला, पण त्यानंतरची स्वान मला हवी होती. ती पडद्यावर कधीच येणार नाही हे मला अजून पचलेलं नाही. सातव्या भागात लोयलचंही, रँडच्या त्या पुस्तकवेड्या मित्राचंही, तेच. तो पुस्तकाच्या शेवटापर्यंत आहे, वहीत सगळं टिपत बसलेला.

दादांचा राग हा हट्ट नसावा. पेरिन त्यांच्या जवळचा असेल. माणसाला पुस्तकातलं एखादं पात्र इतकं जवळचं असू शकतं की त्याच्याशी झालेला बदल हा आपल्या घरातल्या माणसाशी झालेला वाटतो. त्यांना आग्रह करू नका. सांगा की हा भाग आहे, मला आवडला, तुझी आठवण आली. आणि सोडून द्या.

---

नेपथ्य :

मी हौशी रंगभूमीवर कादंबऱ्यांची रूपांतरं करतो, त्यामुळे पानखूण यांच्या वहीतल्या दोन नोंदींवर थोडं बोलतो.

'मॅट कुठे गेला' : मॅट करणारा बार्नी हॅरिस पहिल्या सीझनचे सहा भाग करून बाहेर पडला. मधे महासाथीमुळे चित्रीकरण थांबलं होतं, पुन्हा सुरू झालं तेव्हा तो नव्हता. म्हणजे शेवटच्या दोन भागांत मुख्य पाच जणांपैकी एक पात्रच हाताशी नाही. सहाव्या भागाच्या शेवटी सगळे दारातून आत जातात आणि मॅट बाहेर थांबतो, आठवतं? ते कथेसाठी सुचलेलं नव्हे, ती निकड होती. आमच्याकडे प्रयोगाच्या चार दिवस आधी नट गेला की जी धावपळ होते ती मी जाणतो. ज्याचे संवाद दुसऱ्याच्या तोंडी घातले, ते त्या दुसऱ्याच्या तोंडी कायम उसने वाटतात. शेवटचा भाग तसा वाटतो. दुसऱ्या सीझनपासून डोनल फिन आला आणि मॅट पुन्हा मॅट झाला.

ड्रॅगन कोण हे लपवण्याबद्दल : इथे मात्र तुमची तक्रार मला पटते. पुस्तक रँडच्या आत बसून चालतं. पडद्याला आत बसता येत नाही, त्याला बाहेरून बघावं लागतं. मग लेखकांनी मोइरेनचं बघणं निवडलं, कारण ती शोधायला आलेली आहे आणि तिलाही माहीत नाही. युक्ती म्हणून ती ठीक आहे. पण तिची किंमत अशी की सात भाग आपण रँडजवळ जातच नाही, आणि गोष्ट तर त्याची आहे.

तिसऱ्या सीझनच्या चौथ्या भागात नेमकं हेच उलटं झालंय. आत बसायचा प्रश्न त्यांनी एका नटाच्या शरीरावर सोडवला. पुस्तकात आपण पूर्वजांच्या मनात असतो. पडद्यावर मन दाखवता येत नाही, तेव्हा त्यांनी तोच चेहरा ठेवला आणि बाकी सगळं बदललं. आपल्याला न सांगता कळत राहतं की हा रँडच हे सोसतोय. रूपांतर करणाऱ्याला पहिल्या फेरीत हे सुचत नाही. मूळ गोष्टीजवळ तीन वर्षं बसलं की मग सुचतं.

आणि ती वाळवंटाची दृश्यं दक्षिण आफ्रिकेत चित्रित झालीत. जमिनीवरचा तो उजेड खरा आहे, ते दिसतंच.

माझं मत : पहिल्या सीझनपासून दाखवू नका. माणूस ज्या दारातून चिडून गेला त्याच दारातून त्याला परत बोलावू नये.

---

पानखूण :

नेपथ्य, मॅटचं हे मला माहीतच नव्हतं. वही काढून पाहिली. 'मॅट कुठे गेला' या नोंदीखाली मी तीन रेघा मारल्या आहेत, इतक्या जोरात की मागच्या पानावर उमटल्यात. तेव्हा मी असं गृहीत धरलं होतं की लेखकांना मॅट कळलाच नाही. एखाद्याच्या अडचणीला मी त्यांची बेफिकिरी समजले, आणि तेच चार ठिकाणी सांगितलं. याचं मला खरोखर वाईट वाटतंय.

निळी_शाई, तुमचं स्वानबद्दलचं वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही. मला तो शेवट बघताना दुखलं होतं, पण तुमच्या इतकं नाही, कारण स्वान तुमची आहे आणि लेविन आमचा. पेरिन दादाचा आहे हे तुम्ही बरोबर ओळखलंत. तो स्वतः अंगाने दांडगा आहे आणि लहानपणापासून सगळे त्याला 'जपून, जपून' म्हणत आले. त्यामुळे त्या कुऱ्हाडीच्या दृश्याने त्याला काय झालं असेल, हे मला आत्ता तुमच्यामुळे नीट कळतंय. चार वर्षांत मी त्याला एकदाही विचारलं नव्हतं.

---

उशिरा_आलेला :

मी यातलं एकही पुस्तक वाचलेलं नव्हतं. मुलगी तिसरा सीझन पाहत होती, मी शेजारी बसलो, आणि योगायोगाने तो चौथाच भाग निघाला. पुस्तकवाल्यांनी इतकं लिहिलंय, म्हणून न वाचलेल्याने काय पाहिलं तेही सांगतो.

निम्मं कळलं नाही. हा माणूस दर दहा मिनिटांनी वेगळ्या कपड्यांत का दिसतो, खांब कसले, ती बाई कड्यांत का शिरली, काही नाही. मुलीला विचारलं तर ती म्हणाली, बाबा, शांत बसा. पण ती आई जेव्हा पोराला म्हणाली की चेहरा झाक, तेव्हा विचारायला काही उरलंच नाही. मी दोन मुलांचा बाप आहे. पोराने बहिणीला वाचवलंय आणि आई त्याला घरात घेत नाही, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. ते कळायला मागचे एकोणीस भाग लागत नाहीत.

त्या रात्री मी मुलीकडून पहिला खंड मागून घेतला. आता पाचव्यात आहे. माझ्यासारखे लोकही आहेत बरं का, ज्यांना मालिकेनेच पुस्तकापर्यंत आणलं. मालिका बंद झाली म्हणून ते आणणं वाया गेलं नाही.

पानखूण, तुमच्या दादांना तर सगळं माहीत आहे. त्यांना फक्त तो एक भाग लावून द्या आणि ती पेन्सिलची वंशावळ समोर ठेवा.

---

पानखूण :

काल रात्री झालं. सांगते.

मी काही समजावलं नाही. चौथा खंड मागच्या पानावर उघडून टेबलावर ठेवला आणि म्हटलं, दादा, यांनी हे केलंय, उलट्या क्रमाने, सगळ्यांना घेऊन. तो बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिला. मग म्हणाला, लेविन आहे? मी म्हटलं, आहे. तो बसला.

पहिली दहा मिनिटं हाताची घडी घालून. मॅट कुठे आहे, हा त्याचा पहिला प्रश्न, कारण पुस्तकात मॅटही रुइडियनला जातो. मी सांगितलं की तो इथे टँचिकोला, दुसऱ्याच शहरात, गेलाय. 'का?' असं तो इतक्या कळवळून म्हणाला की मला क्षणभर वाटलं, संपलं, आता उठतो. उठला नाही. खांब सुरू झाले आणि त्याने खंड मांडीवर ओढून घेतला. प्रत्येक पूर्वज आला की तो बोट त्या नावावर सरकवायचा. बोट वर वर जात होतं. मी पडद्याकडे कमी आणि त्या बोटाकडे जास्त बघत होते.

लेविनची आई बोलली तेव्हा त्याने रिमोट मागितला. थांबवलं. आमच्या दोघांत कुणीच काही बोललं नाही. मग त्याने खिशातून पेन काढलं, परत ठेवलं, उठून पेन्सिल शोधून आणली आणि 'आई' या शब्दाच्या शेजारी छोट्या अक्षरात ३-४ असं लिहिलं, सीझन आणि भाग. इतक्या वर्षांपूर्वीचं शिसं फिकं झालंय, नवं गडद दिसतंय.

भाग संपल्यावर मी त्याला पेरिनबद्दल विचारलं, त्या कुऱ्हाडीबद्दल. तो म्हणाला की तो पोरगा हळू चालायला शिकला होता कारण त्याच्या हातून कधी काही झालं नव्हतं, होऊ नये म्हणून. यांनी आधीच करून टाकलं. मग त्याच्या जपण्याला काय अर्थ उरला? मला उत्तर सुचलं नाही. निळी_शाई, तुमच्याकडे असेल तर जरूर लिहा, मी त्याला वाचून दाखवेन.

पहिला सीझन तो पाहणार नाही, तसं त्याने स्पष्ट सांगितलंय, आणि मी पुन्हा विचारणार नाही. पण झोपायला जाताना दारात थांबून म्हणाला, पाचवा कधी लावतेस? शनिवारी लावायचं ठरलंय, आणि मग सातव्या भागात पेरिनच्या गावची लढाई येईल. त्यात लोयलचं काय होतं ते सकाळपासून माझ्या जिभेवर येतंय. त्याला आधी सांगून मन घट्ट करू द्यावं असं वाटतं. पण आता मी पुढे आहे आणि तो मागे, आणि करार तोच आहे. सातवा लागला की मी खोलीतून उठून जाईन.